बातमा-आपाचा हललेला फोटो

१ सप्टेंबर, बिश्केक
आजपासून मी कलावंत.

सकाळी दुकानाची पाटी उतरवली. ‘कागदपत्रांसाठी फोटो, लगेच मिळतील.’ उतरवताना अंगठा चेचला. कलेसाठी सांडलेलं पहिलं रक्त. तुरसुनाय म्हणाली, स्टूल डुगडुगतंय हे मी गेल्या हिवाळ्यापासून सांगतेय. ही माझी बायको, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असतं, अर्थ माहीत नसतो.

आता निळा पडदा नाही. ‘हनुवटी वर घ्या’ नाही, ‘डोळे मिटू नका’ नाही. पन्नाशीच्या आत निदान एक फोटोबुक आणि युरोपात एक प्रदर्शन. पन्नाशीला अजून वेळ आहे.

निर्धार: ही वही रोज लिहायची, कुणाला दाखवायची नाही. रोज तासभर चालायचं. ‘सुंदर’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

५ सप्टेंबर
चाललो नाही. विचार करत होतो.

९ सप्टेंबर
कन्सेप्ट सापडला!

चष्मा पुसत स्वयंपाकघरात उभा होतो. समोर तुरसुनाय कांदा चिरत होती. चष्म्याशिवाय ती नुसता एक डाग दिसत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला गूढ वाटली. तिथंच कळलं की फोकसमध्ये माणसाचा फक्त चेहरा दिसतो. माणूस दिसतो तो फोकस सुटल्यावर.

प्रोजेक्ट असा. एक आख्खं गाव, प्रत्येकाचा फोटो, आणि दर वेळी कॅमेरा मुद्दाम हलवायचा. नाव: ‘धूसर’.

तुरसुनायला समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास?

गाव तिचंच निवडलंय, सरोवराच्या दक्षिण काठावरचं कारा-बेल. कारणं शुद्ध कलात्मक आहेत. शिवाय राहायची सोय होते, आणि जावयाला कोणी नाही म्हणत नाही.

२१ सप्टेंबर, कारा-बेल
पोचलो. अंगणाअंगणातून वाळलेले जर्दाळू निवडणं चाललंय. मला हे रंग नकोत. मी कृष्णधवल विचार करतो.

जावयाचा मान म्हणून मेंढीच्या छातीचा तुकडा पुढ्यात आला. नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता. दुसराही घेतला.

सासरची मंडळी उत्साही आहेत. फोटो काढणार म्हटल्यावर न्हाव्याकडे रांग लागली. हजामतीनं काही फरक पडणार नाही, हे कोणाला सांगितलं नाही.

२३ सप्टेंबर
आज बातमा-आपा. तुरसुनायची थोरली मावशी. नऊ मुलांची आई, गावातली शेवटची अशी बाई जिच्यासमोर पुरुष अजून सिगरेट लपवतात.

तयार व्हायला तिला सकाळ पुरली नाही. मखमली जाकीट, पांढराशुभ्र रुमाल, नऊ मुलांबद्दल सरकारनं दिलेलं पदक. मुलाला, मेदेतला, घरातला गालिचा काढून अंगणातल्या भिंतीवर टांगायला लावला. खुर्चीत बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि विचारलं, “दात दाखवू की मिटू?”

दात सोन्याचे आहेत, वरचे सगळे. मी म्हटलं, आपा, तुमची मर्जी. माझ्या कन्सेप्टमध्ये त्यानं काही अडत नाही. तिनं दाखवायचं ठरवलं.

मी कॅमेरा हलवला.

आपाचं लक्ष होतं. म्हणाली, जावईबापू, तुझा हात थरथरतोय. माझ्यासाठी गरम रस्सा मागवला, अंगावर तिच्या नवऱ्याचा कोट घातला. मी पुन्हा हलवला. तेव्हा तिनं मेदेतला हाक मारली. मेदेत ट्रक चालवतो, त्याचे हात फावड्याएवढे. तो माझ्या मागे उभा राहिला आणि दोन्ही कोपरं पकडून ठेवली. सासुरवाडीत हिसडा मारून सुटता येत नाही. खटका दाबावा लागला.

तो फोटो लख्ख आला. सुरकुती न् सुरकुती, दात न् दात, पदकावरची आई, आईच्या हातातलं बाळ. आपानं मागे येऊन स्क्रीनवर बघितला. बराच वेळ बघितला. “आता नीट आलं,” म्हणाली, आणि उठून जर्दाळू निवडायला गेली.

संध्याकाळी पुसून टाकला. प्रोजेक्टच्या भाषेत बसत नव्हता.

२६ सप्टेंबर
गावात बातमी पसरलीय की जावईबापूंना कंप सुटतो. काल एका बाईनं हाताला चोळायला अस्वलाची चरबी आणून दिली. तुरसुनायला फोन करून तीन जणांनी सहानुभूती कळवली. तिनं ती स्वीकारली. मला हे पटलेलं नाही.

२ ऑक्टोबर, बिश्केक
परत आलो. गाव पूर्ण झालं, फक्त इमाम राहिले. मी कॅमेरा हलवत असताना तेही हलले, त्यामुळे दोन्ही रद्द होऊन ते स्पष्ट आले. पुसले.

उद्यापासून चालणं.

१४ नोव्हेंबर
रॉटरडॅमच्या क्युरेटर मार्घ्रीत बाई वसंतात मध्य आशियाच्या दौऱ्यावर येतायत. एका फोटो महोत्सवासाठी कलावंत शोधतायत. मी त्यांना बावीस फोटो पाठवले होते. आज उत्तर आलं: ‘आभारी आहे. फाईली नीट उघडल्या नाहीत असं वाटतं.’

म्हणजे काम आत पोचलंय.

१९ जानेवारी
फोटोबुक छपाईला दिलं. मुखपृष्ठ राखाडी, त्यावर नाव नाही. आत मजकूर नाही, पानांना आकडे नाहीत. वाचकाला आधार द्यायचा नाही, असं धोरण आहे.

दुपारी प्रेसवाल्याचा फोन. म्हणाला, साहेब, फोटो हललेत. मी कन्सेप्ट सांगितला. तो म्हणाला, बरं, पण सगळे? मी म्हटलं, सगळे. तो म्हणाला, मग एकदा येऊन सही करून जा, नाहीतर मालक माझ्यावर चढेल.

सही केली. माझ्या पहिल्या पुस्तकावरची पहिली सही.

८ फेब्रुवारी
सकाळी मेदेतचा फोन. बातमा-आपा रात्री झोपेतच गेली.

तुरसुनाय बॅग भरायला लागली. मी म्हटलं, मी आलोच असतो, पण उद्या प्रेसमध्ये राखाडी रंगाचं प्रूफ बघायचंय, आणि राखाडी चुकला तर सगळंच चुकलं. तिनं काळा रुमाल बांधला आणि गेली.

मावशीनं तिला लहानपणी दोन वर्षं सांभाळलं होतं, हे मला माहीत आहे. प्रूफही महत्त्वाचं होतं, हे तिला माहीत असायला हवं.

९ फेब्रुवारी
प्रूफचा माणूस आजारी. परवा बोलावलंय.

११ फेब्रुवारी
तुरसुनाय परतली. डोळे सुजलेले. गावकऱ्यांनी माझी चौकशी केली म्हणाली. तिनं सांगितलं, त्याला बरं नाही. म्हणजे कंपाची गोष्ट आता अधिकृत झाली.

राखाडी रंग किंचित हिरवा आलाय. चालवून घेतलं.

२८ मार्च
उद्‌घाटन! सविस्तर लिहितो, पुढे चरित्र लिहिणाऱ्याला लागेल.

गॅलरी म्हणजे बुटांच्या जुन्या कारखान्यातला एक हॉल. पलीकडे मोटारी धुतात, त्यामुळे भिंत थोडी ओली असते. मी चित्रं डोळ्यांच्या उंचीपेक्षा वर लावली, नावं मुद्दाम लावली नाहीत. बाराला सुरुवात. साडेबारापर्यंत मी, गॅलरीवाला दानियार, आणि पाण्याचा आवाज.

मग बाहेर मेदेतचा ट्रक आणि मागे एक मिनीबस येऊन थांबली. आख्खं कारा-बेल उतरलं. नवे कपडे, पदकं, दोन पोती जर्दाळू, तळलेल्या कणकेच्या बोरसोकांचा टब. मला भरून आलं. युरोपातल्या किती कलावंतांकडे गाव चालून येतं?

मंडळी भिंतीपाशी रांगेनं फिरली. एकदा. मग पुन्हा, उलट्या बाजूनं. मला वाटलं, काम पकड घेतंय. तेवढ्यात भांडण सुरू झालं. शाळेचा जुना हेडमास्तर एका फोटोवर हात ठेवून म्हणत होता, हा मी. शेजारचा गवंडी म्हणत होता, तुम्ही कसले, हा आमचा गोठा आहे. दोघांनी मला बोलावलं. मी बराच वेळ बघितलं. मलाही सांगता येईना. म्हटलं, हीच तर कलाकृतीची ताकद आहे. हेडमास्तर म्हणाले, जावईबापू, मी सकाळी चार वाजता उठून आलोय.

मार्घ्रीत बाई दोनला आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायात डोंगर चढायचे बूट. हॉलमधून एक फेरी मारली आणि माझा हात हातात घेऊन एकच शब्द बोलल्या. दानियारनं भाषांतर केलं: धाडसी.

धाडसी!

नंतर त्या बराच वेळ जर्दाळूच्या पोत्यापाशी मेदेतशी हातवारे करून बोलत बसल्या. लोकजीवनाचा अभ्यास करत असाव्यात.

गर्दी ओसरल्यावर मेदेत माझ्याकडे आला. टोपी काढून हातात धरलेली. मला एका फोटोसमोर नेलं. पांढरा फराटा, त्याखाली काळपट, मध्ये एक उजळ रेघ. ती रेघ म्हणजे दात, हे त्यानं ओळखलं होतं. मी ओळखलं नव्हतं.

“ही आपाची खुर्ची,” तो म्हणाला. “हा आमचा गालिचा. आपा कुठाय?”

मी त्याला कन्सेप्ट सांगितला. ओळख म्हणजे काय, स्मृती कशी पुसट होते, चेहरा हा मुखवटा कसा असतो, सगळं. तो टोपी फिरवत ऐकत राहिला. मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाला, उन्हाळ्यात कबरीवर दगड बसवायचाय. दगडावर चेहरा कोरायला फोटो लागतो. पासपोर्ट मृत्यूच्या दाखल्याच्या वेळी सरकारजमा झाला. फोनवर तिनं कधी काढू दिला नाही, फोन दिसला की काठी उगारायची. लग्नाकार्यातल्या फोटोंत ती कायम चुलाणाकडे तोंड करून. “पण तुमच्याकडे एक आहे. मी कोपरं धरली होती, तो.”

मी म्हटलं, शोधावा लागेल. तांत्रिक बाबी असतात.

तो म्हणाला, सवडीनं शोधा. घाई नाही.

तोपर्यंत राहू दे म्हणून मी भिंतीवरचा फोटो उतरवून त्याला दिला. मूळ प्रत, सहीसकट. घडी न घालता ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यानं तो ट्रकच्या केबिनमध्ये ठेवला. जाताना गावकऱ्यांनी प्रत्येकी एक पुस्तक नेलं. वजनदार आहे म्हणाले.

२ एप्रिल
मार्घ्रीत बाईंचं काही नाही. अशा निर्णयांना वेळ लागतो.

पुसलेले फोटो परत आणणारा एक प्रोग्रॅम असतो. उतरवून घेतला. अर्थात मेदेतच्या समाधानासाठी. मला त्या फोटोची गरज नाही.

५ एप्रिल
प्रोग्रॅमनं कार्डावरून गॅलरीच्या ओल्या भिंतीचे दोनशे फोटो परत आणले. ‘ओल’ हा माझा पुढचा प्रोजेक्ट होणार होता. म्हणजे कार्डावर आपाच्या फोटोच्या जागी भिंत बसलीय.

९ एप्रिल
दुसरा प्रोग्रॅम. गवंड्याचा अर्धा कान मिळाला, स्पष्ट. खाली राखाडी पट्टे.

तुरसुनायनं मागे उभं राहून बघितलं. काय शोधतोयस, विचारलं. मी म्हटलं, काम करतोय. तिनं चहाचा वाडगा आणून ठेवला आणि कानाकडे बघत म्हणाली, हा बाकीत-आका, याच्या कानात लहानपणी बी गेलं होतं. मग वह्या तपासायला गेली.

मला सांगायचं होतं की मी पुसला. पण वाक्याची रचना जमली नाही.

१७ मे
मार्घ्रीत बाईंचं पत्र आलं! हात खरोखरच थरथरला.

त्यांना मेदेतचा फोन नंबर हवाय. असे जर्दाळू त्यांनी आयुष्यात खाल्ले नाहीत. महोत्सवाबद्दल खाली एक ओळ: या वर्षीचा विषय ‘स्पष्टता’ ठरलाय, तेव्हा पुढे कधीतरी.

विषय ठरवण्यात राजकारण असतं. नंबर पाठवला.

३० मे
मेदेतनं रॉटरडॅमला पहिली पेटी पाठवली. वरच्या झाकणावर त्याच्या हातांचा फोटो, बाईंनी काढलेला. फोकस चांगला आहे. ढोबळ काम.

१२ जून
मेदेतचा फोन. फोटो सापडला का? म्हटलं, तांत्रिक बाबी. तो मग म्हणाला, दगडवाला म्हणतो, भिंतीवरचाच आणा, मी बघतो काय करता येतं, माझा हात बसलाय.

म्हणजे एका कारागिराला माझ्या कामात काहीतरी दिसलं. तुरसुनायला सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

१७ ऑगस्ट, कारा-बेल
दगड बसवायला दोघं आलो. मी गाडीत भाषणाचे मुद्दे काढले, विचारलंच कुणी तर.

कबरस्तान गावाच्या वर, टेकडीवर. खाली सरोवर. सगळं गाव जमलेलं, बाहेरगावी गेलेली आपाची मुलं आलेली. थोरली लेक सायबेरियातून तीन दिवस आगगाडीनं. इमामांनी प्रार्थना म्हटली, मेदेतनं दगडावरची चादर ओढली.

काळा चकचकीत दगड. नाव बरोबर. तारखा बरोबर. त्यावर रुमाल बांधलेली एक म्हातारी, गोल चेहरा, लहान नाक, प्रेमळ हसणारी, ओठ मिटलेले. फार सफाईनं कोरलेली.

मग मागून एका आजीनं शांतपणे विचारलं, “ही कोण?”

दगडवाला पुढे झाला. त्या बापड्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. म्हणाला, फोटोत रुमाल दिसत होता, तो मी जसाच्या तसा घेतला. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. अशा वेळी माझ्याकडे एक आजी असते, ती घालतो. आजवर कुणी तक्रार केली नाही.

हेडमास्तर म्हणाले, नाक वेगळं आहे. बाकीत-आका म्हणाला, नाकाचं काय घेऊन बसलात, आपा हसायची कुठं अशी. एक बाई म्हणाली, शेजारच्या गावातल्या दगडावर हीच बाई आहे, तिथं तिचं नाव दुसरंय. सायबेरियाहून आलेली लेक दगडाजवळ गेली, त्या परक्या बाईच्या गालावरून हात फिरवला, आणि तिथंच खाली बसून रडली. तुरसुनाय तिच्याजवळ जाऊन बसली.

माझ्या डोक्यात भाषणाचा पहिला मुद्दा होता: ओळखीची अस्थिरता. बाकीचे आठवले नाहीत.

मेदेत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. समोर बघत, हळू आवाजात म्हणाला, “तो फोटो तुम्ही ठेवलाच नव्हता ना?”

“रचना जमली नव्हती,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रागावला नाही. म्हणाला, “तिला तो आवडला होता. मेली त्या आठवड्यातही विचारत होती, जावई कधी पाठवतोय.” मग दगडवाल्याकडे जाऊन त्यानं सांगितलं की चेहरा घासून टाक, नुसतं नाव राहू दे.

त्यानंतर जेवण. जावयाचा तुकडा याही वेळी माझ्याच पुढ्यात आला. खाल्ला गेला नाही.

निघायच्या आधी सायबेरियावाली म्हणाली, एवढे सगळे पुन्हा कधी जमणार, एक फोटो होऊ दे. सगळे अंगणात गोळा झाले. म्हातारे पुढे खुर्च्यांवर, बाया मधे, पुरुष मागे. उजेड डावीकडून येत होता, चांगला होता. मी बॅग उघडली. लेन्स पुसली. बोटं स्थिर होती, खरोखर स्थिर. या वेळी मी हलवणार नव्हतो. हे मी लिहून ठेवतो.

मेदेतनं माझ्या हातातला कॅमेरा अलगद घेतला. “तुम्ही कशाला, जावईबापू? तुम्ही घरचे. तुम्ही आमच्यात उभे राहा.” कॅमेरा त्यानं मिनीबसच्या ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हरनं विचारलं, कुठलं बटण? कोणीतरी दाखवलं.

मला तुरसुनायच्या मागे उभं केलं. बाकीत-आकानं माझा डावा दंड धरला, हेडमास्तरांनी उजवा. घट्ट. काळजीनं.

१९ ऑगस्ट, बिश्केक
ड्रायव्हरचा फोटो बघितला. वरती आभाळ जास्त, रचना नाही, एका म्हाताऱ्याचा पाय कापलाय. सगळे ओळखू येतात. मागच्या रांगेत दोघांनी धरून ठेवलेला एक टकला माणूस आहे, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

मेदेतनं निरोप पाठवलाय की प्रत्येक घराला एक प्रत हवी. तुरसुनाय म्हणाली, जमेल का तुला?

दुपारी प्रिंटर लावला. पहिली प्रत तिनं खिडकीशी नेऊन, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून तपासली. माझ्यापाशी थांबली नाही, पुढे गेली. मग म्हणाली, ठीक आहे, बाकीच्या काढ.